कमरेचा दोर आणि खिडकीचे गज

आगीत वाट बंद झाली तर खिडकीतून उतरायला फायरमनच्या कमरेला सुटकेचा दोर असतो. पण खिडकीला गज असतील तर जगातला सगळ्यात भारी दोर बांधा, तो तिथून बाहेर पडणार नाही. हे आधीच सांगतो, कारण कारखान्यातून प्रशिक्षणाला बोलावणं आलं की पहिला प्रश्न दोराच्या किमतीचा असतो. खिडकीकडे कुणी बघितलेलंच नसतं. आपल्या सांगलीत हळदीची गोदामं घ्या, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज घ्या, कुपवाड एमआयडीसीतल्या शेड घ्या, सगळीकडे चोरांच्या धास्तीने लोखंड ठोकलेलं. त्यात जिन्यावर पोत्यांची थप्पी.

मी आधी बंबावर नोकरी केली, आता कंपन्यांच्या फायर टीमना शिकवतो. शिकवायला गेलो की सगळ्यात आधी पोरांना इमारतीभोवती फेरी मारायला लावतो. कुठली खिडकी मोकळी आहे? खाली काय आहे, फरशी की ट्रान्सफॉर्मर? शिडी कुठे लागेल? मग मालकांना सांगतो, प्रत्येक मजल्यावर निदान दोन खिडक्यांची जाळी आतून उघडणारी करा, बिजागरी आणि कडी लावून. वेल्डिंगवाल्याचं एका दिवसाचं काम आहे. ते झाल्यावर दोराचं बोलू.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात २३ जानेवारी २००५ रोजी असंच झालं. आग विझवायला गेलेले सहा जवान चौथ्या मजल्यावर कोंडले. भाडेकरू ठेवायला आत बेकायदा पार्टिशन घातली होती, त्यामुळे फायर एस्केपकडे, म्हणजे बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे, जायची वाटच बंद. जवानांना पूर्वी स्वतःचे दोर मिळायचे, तेही काही वर्षांपूर्वी काढून घेतलेले. एकाने पदरच्या पैशाने घेतलेला दोर जवळ होता, त्यावर दोघांनी उतरायची धडपड केली. बाकीच्यांना उड्या टाकाव्या लागल्या. दोघे गेले, चौघे जबर जखमी झाले. त्यानंतर त्याच वर्षी तिथे प्रत्येकाला दोर, हुक, डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) द्यायला सुरुवात झाली. ही हकिकत मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि सांगताना दर वेळी माझा आवाज चढतो. इतकी साधी गोष्ट द्यायला दोन माणसं का जावी लागतात?

दोरावर यायची वेळ शक्यतो येऊच नये, हेही तितकंच शिकवावं लागतं. धुरात हात दिसत नाही तेव्हा वाट होजला, म्हणजे पाण्याच्या पाइपला, विचारायची. आपल्याकडच्या होजमध्ये मेल (आत घुसणारं) टोक बंबाकडे आणि फिमेल (त्याला आत घेणारं) टोक ब्रँचकडे, म्हणजे पाणी मारायच्या तोटीकडे असतं. गुडघ्यावर बसून होजवरून हात सरकवत निघालात आणि जोडावर आधी गुळगुळीत मेल, मग कान (बाहेर आलेले खुंट) असलेली फिमेल लागली, तर तोंड बंबाकडे आहे, चला. आधी कान लागले तर तुम्ही आगीकडे चाललाय, फिरा मागे. हे मी मास्कच्या काचेवर फडकं बांधून करून घेतो. ‘काका, लगेच कळतंय की ओ हाताला,’ असं कुपवाडचा एक पोरगा म्हणाला. मी म्हटलं, आता जाड हातमोजे घालून सांग.

हवेचा हिशेबही तोंडपाठ पाहिजे. पाठीवरच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला साधारण २,००० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर पन्नास मिनिटं, पण जिना चढून होज ओढणाऱ्याला तेवढी कुठली पुरते! हवा संपत आल्याची शिट्टी वाजते ५५ बारच्या आसपास, तेव्हा उरलेली असते जेमतेम नऊ-दहा मिनिटांची, तीही मिनिटाला ४० लिटरच्याच हिशेबाने. म्हणून शिट्टी ऐकून निघायचं नाही. ती वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असला पाहिजे.

आता दोर. तो करंगळीपेक्षाही बारीक असतो, ७.५ ते ८ मिलिमीटर, लांबी बहुधा पंधरा मीटर. बघून सगळ्यांचा पहिला प्रश्न, ‘ह्यो धरंल का?’ धरतो. अमेरिकेच्या मानकात सुटकेचा दोर किमान १३.५ किलोन्यूटनला टिकला पाहिजे, म्हणजे साधारण १,३७५ किलोचं ओझं. खरी गोम ताकदीत नाही, धाग्यात आहे. बाजारातला स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर १६५ अंशांच्या आसपास वितळतो, नायलॉन-६ चा २२० ला. ॲरामिड हा आगीला टिकणारा कृत्रिम धागा वितळत नाही, ४०० च्या वर गेल्यावर कोळपायला लागतो. आग ओकणाऱ्या खिडकीच्या चौकटीवरून जायचं असेल तर ॲरामिडच घ्या, यात मी तडजोड करत नाही.

पण ॲरामिडला उन्हाचं वावडं आहे. दोर गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा, गच्चीवर पसरू नका. ब्लीच अजिबात नको. एका कारखान्यात मला दोर बॅटरी चार्जिंगच्या टेबलाखाली ठेवलेला सापडला. ॲसिडचा नुसता वाफारा लागला तरी धागा आतून खाल्ला जातो, वरून काही दिसत नाही. तो दोर मी तिथेच बाद करायला लावला. गोदामात उंदीर असतात, म्हणून दोराची पिशवी झाकणाच्या पेटीत ठेवा.

तपासणी महिन्याला एकदा, आणि ती ज्याच्या कमरेला दोर आहे त्यानेच करायची. हातमोजे काढा. बैलगाडीवाला कासरा चाचपतो तसा पूर्ण दोर इंचाइंचाने बोटांतून ओढा. कुठे कडक लागतो का, कुठे चपटा, कुठे आतून पोकळ? वरचं आवरण काचेसारखं चमकत असेल तर तिथे घर्षणाची किंवा आगीची धग लागली आहे. मग हार्नेसची शिलाई बघा, एक टाका सुटला तरी बाजूला काढा, आणि गावातल्या मोच्याकडून शिवून आणायचा विचारही करू नका. कॅराबिनरची, म्हणजे दोर अडकवायच्या कडीची, जीभ सोडल्यावर आपसूक बंद होऊन लॉक झाली पाहिजे. धूळ बसली असेल तर कोमट पाण्यात धुवा.

दोर पिशवीत गुंडाळून ठेवत नाहीत, मुठीमुठीने कोंबतात. टोक तळाशी, हुक सगळ्यात वर. गुंडाळलेला दोर नेमका ओढताना गाठ खातो. कोंबलेला सरसर सुटतो. हुक चौकटीच्या कोपऱ्यात किंवा भक्कम पाइपला अडकवला की दोर ताणलेलाच ठेवायचा, आणि पोट चौकटीला घासत, डोकं वर न काढता बाहेर सरकायचं. उभं राहिलं की वरची धग तोंडावर येते.

सराव तळमजल्याच्या खिडकीपासून सुरू करा. वर गेलात तर दुसरा स्वतंत्र सेफ्टी दोर आणि तो धरणारा माणूस असल्याशिवाय कुणालाही खिडकीबाहेर सोडू नका. सरावाचा संच वेगळा ठेवा, कमरेचा वेगळा. खऱ्या आगीत एकदा वापरलेला दोर पुन्हा पिशवीत जात नाही. न वापरलेल्यालाही मुदत असते, बरेच उत्पादक जास्तीत जास्त १० वर्षं सांगतात. दोराच्या नोंदीच्या कार्डावर बाद केल्याची तारीख आणि सही घाला आणि दोराचे हातभर तुकडे करा. अख्खा टाकला तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो कमरेला बांधून पाण्याच्या टाकीवर चढलेला असतो.