पेटी रेल्वेच्या ब्रेकला टाकावी का?

जी पेटी तीन दिवस तुमच्या गोदामात आलीच नव्हती, तिचं गोदामात राहिल्याचं भाडं मी का भरू? हे मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसच्या खिडकीवर मराठीत सांगितलं, सोलापुरी हिंदीत सांगितलं आणि शेवटी नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलं. परत येऊन महिना झाला, तरी भाकरी थापताना अधूनमधून तोंडातून निघतंच. परवा ह्यांनी विचारलं, "कुणाशी बोलायलीस गं?" म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून मोकळं व्हावं.

माझ्या लेकीला, मनूला, नोकरी लागली आणि पहिलंच पोस्टिंग थेट उत्तरेत. शहराचं नाव घेत नाही. तिला अजून तिथेच राहायचंय आणि उद्या काही पाठवायचं झालं तर गाठ त्याच खिडकीशी आहे. आमच्या सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपली आणि आम्ही दोघी निघालो. एक दिवस आणि एक रात्र गाडीत, तिकिटं थ्री टायर एसीची. खोली रिकामी होती, म्हणजे तव्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं इथूनच न्यायचं.

सामान मोजायचं तर घरातल्या वजनकाट्यावर आधी आपण नुसतं उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. यात बॅगेआधी आपलंच वजन घरभर जाहीर होतं, तेवढी तयारी ठेवा. एकूण भरलं १०९ किलो. थ्री टायर एसीला माणशी ४० किलो मोफत. स्लीपरलाही ४०च, पण तिथे जादा पैसे भरून मोफतचे धरून ८० किलोपर्यंत डब्यात नेता येतं. थ्री टायर एसीला ती सोय नाही, ४० म्हणजे ४०. दोघींचे ८० झाले. वरच्या २९ किलोंचं काय?

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ढकलायचं सीटखाली. कोण काटा घेऊन बसलंय?" खोटं नाही ते. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना मी ज्वारीचं अर्धं पोतं पायाशी ठेवून गेलेली बाई आहे. पण पुणे चार तासांवर, आणि ज्वारीच्या पोत्यावर पाय ठेवून बसता येतं. इथे रात्र काढायची होती. सीटखालच्या जागेवर समोरच्या, वरच्या सगळ्यांचा हक्क. त्यात न नोंदवलेलं जादा सामान पकडलं तर सहापट आकार लावतात. लेकीसमोर पावती फाडून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

आणि खरी अडचण वजनाची नव्हतीच, पेटीची होती. सासऱ्यांची लोखंडी ट्रंक, लांबीलाच ८४ सेंटिमीटर. थ्री टायर एसीच्या डब्यात पेटी चालते ती ५५ बाय ४५ बाय साडेबावीस सेंटिमीटरची. इतर डब्यांत १०० बाय ६० बाय २५ पर्यंत. आमची उंचीलाच त्याहून जास्त, म्हणजे कुठल्याच डब्यात बसणारी नव्हे. मनू म्हणत होती, पेटीच नको, तीन सुटकेस घेऊ. पण ती पेटी द्यायची हे मी ती शाळेत असल्यापासून ठरवलेलं. तेव्हा हा निर्णय मी हिशोबानं घेतला असं कुणी समजू नका. आधी पेटी ठरली, हिशोब मागून जमवला.

ट्रान्सपोर्टनं पाठवायचा विचारही झाला. चादरी-टॉवेलच्या धंद्यामुळे सोलापुरात ट्रान्सपोर्टवाल्यांना तोटा नाही. पण तिकडेही माल त्यांच्या गोदामातूनच उचलायचा, आणि आमच्या हातात मोजके दिवस. मग ठरलं, पेटी आपल्याच गाडीच्या ब्रेकला टाकायची, म्हणजे गाडीला जो सामानाचा डबा असतो त्यात बुक करून पाठवायची. आपण उतरू तिथे ती उतरेल, हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि घरी. असं आम्हाला वाटलं होतं.

पेटीत काय भरायचं, याचा नियम मी स्वतःच केला आणि तो अजूनही बरोबरच वाटतो. जे हरवलं तर चिडचिड होईल पण रडू येणार नाही, ते पेटीत. कुकर, तवा, पोळपाट, मिक्सर, स्टीलचे डबे. सर्टिफिकेटं, लॅपटॉप, दागिना, औषधं हातातल्या बॅगेत. त्याला कारणही आहे. बुक करताना सामानाची किंमत जाहीर करून वरचा आकार भरला नाही, तर हरवल्यावर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरतीच. आमची पेटी भरली ३७ किलो, म्हणजे ३७०० रुपये. तेवढ्यात माझ्या पैठणीचा पदरसुद्धा येत नाही, म्हणून मनूनं मागितलेली पैठणी मी पेटीत घातली नाही. (दिलीही नाही, तो भाग वेगळा.)

फक्त एक चूक केली. चार चादरी पेटीत तळाशी अंथरल्या, भांडी वाजू नयेत म्हणून. त्या चादरींवर पुन्हा येतेच.

आधी गोणपाट. पेटीला कुलूप घालून वरून गोणपाट शिवून घ्या. मंगळवार पेठेतून गोणपाट आणलं, दाभण आणि सुतळी घरात होतीच, ह्यांनी दुपारभर बसून शिवलं आणि दोनदा बोटाला टोचून घेतलं. त्यावर नाव आणि उतरायचं स्टेशन रंगानं मोठं लिहिलं. यालाच मार्का म्हणतात. तरी स्टेशनवर हमाल पेटीभोवती फिरला आणि हसायला लागला. "काकू, ही तर कुर्डुवाडीला उतरंल की." बघते तर कडेला, गोणपाट जिथे कमी पडलं होतं तिथे, पत्र्यावर पांढऱ्या रंगात ठळक 'कुर्डुवाडी'. सासरे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते, तेव्हाचा मार्का. आणि आमची गाडी कुर्डुवाडीवरूनच जाणार! त्यानंच कुठून तरी काळ्या रंगाचा डबा आणून ते नाव पुसलं. जुनी पेटी असेल तर चारही बाजू आणि बूड बघा. जुनं नाव राहिलं तर ज्याला जे आधी दिसेल तिथे तो उतरवतो.

सोलापूरचं काम सरळ झालं. तिकीट, ओळखपत्र, वजन, पैसे आणि शेवटी बिल्टी, म्हणजे सामान बुक केल्याची पावती. गाडीच्या अर्धा तास आधी तरी सामान द्यायचं असतं, आम्ही दोन तास आधी गेलो होतो. प्रवासही बरा झाला.

उतरल्या उतरल्या मनू ब्रेकच्या डब्याकडे धावली. मी बाकीचं सामान राखत उभी. गठ्ठे उतरले, एक मोटरसायकल उतरली, माशांच्या वासाचे खोके उतरले. पेटी नाही. मनू आत वाकून बघतेय, तोवर शिट्टी झाली, दार लागलं आणि गाडी निघून गेली. शेवटच्या स्टेशनाकडे. आमची पेटी घेऊन.

पार्सल ऑफिसात तीन खिडक्या. पहिलीवर सांगितलं, ही सामान पाठवायची खिडकी. दुसरीवर सांगितलं, आत्ताच गाडी गेली, थांबा. तिसरी बंद. तासाभरानं कळलं की सामान उतरवायचं राहून पुढे गेलं असणार, परतीच्या गाडीनं येईल. कधी? "आ जाएगा माताजी." तो मंगळवार होता.

मंगळवारच्या रात्री त्या थंडीत सोलापूरच्या दोन बायका चादरीवाचून कुडकुडत होत्या. चादरीसाठी देशभर नाव असलेलं आमचं गाव, आणि मी घरमालकिणीच्या दारात रजाई मागायला उभी! "आपके यहाँ तो चादरें बनती हैं ना?" असं तिनं विचारलंच. एक चादर हातात ठेवायची. पेटी काय, बॅग काय, काहीही कुठेही टाकलंत तरी एक चादर अंगाबरोबर.

बुधवारी मनू कामावर रुजू झाली. पेटी बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी सकाळी मी एकटी गेले, तर शेडमध्ये कोपऱ्यात आमचं गोणपाट. ह्यांचे तिरपे टाके मी लांबून ओळखले. हात लावायला गेले तर, "बिल्टी?" बिल्टी मनूच्या पर्समध्ये, मनू ऑफिसात. फोटो होता मोबाइलमध्ये. चालत नाही. हरवली असेल तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून द्या म्हणाले. हरवली नव्हती हो, शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मनूनं नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी साहेबाकडे दोन तासांची सुट्टी मागितली. बिल्टी ज्याला सामान सोडवायचंय त्याच्या खिशात ठेवा, लहान लेकरू सांभाळतात तशी. मी हे लिहितेय आणि आत्ताही लाज वाटतेय.

बिल्टी आली. आता घ्या पेटी? नाही. खिडकीवरच्यानं बिल्टीवरची तारीख बघितली, कॅलेंडर बघितलं आणि व्हार्फेजचा आकडा सांगितला. मोफत मुदतीनंतर सामान पडून राहिलं तर त्याचं भाडं. मंगळवारपासून मोजलेलं! मी म्हटलं, मंगळवारी तर पेटी आलीच नव्हती. तो म्हणाला, गाडी आली होती. मी म्हटलं, "गाडी आया, पेटी कहाँ आया?" तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, पेटी जिथे तीन दिवस फिरून आली तिथलं भाडं तुम्ही मला द्या. मागची रांग हसली, तो हसला नाही. बारा वाजले, जेवायची सुट्टी झाली, खिडकीत पाटी लागली. मी जागची हलले नाही. भूक लागली होती, पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती पण पोळी नव्हती. चटणी तशीच बोटानं खाल्ली.

सुटका झाली ती एका हमालामुळे. तो म्हणाला, माताजी, भांडू नका, उतराईचं रजिस्टर बघायला सांगा. सामान कुठल्या गाडीतून, कोणत्या तारखेला उतरलं, याची नोंद असते. मग मी खिडकी सोडली आणि आत पार्सल सुपरवायझरकडे गेले. त्यांनी रजिस्टर मागवलं, बोट फिरवलं. नोंद त्याच पहाटेची. भाडं शून्य. अख्खं काम तीन मिनिटांचं. रजिस्टर खिडकीपासून दहा पावलांवर होतं. तीन तास त्यानं ते उघडलं नाही आणि मला ते मागायचं सुचलं नाही. राग दोन्हीचा आहे.

पेटी उघडली तेव्हा मिक्सर शाबूत, कुकरच्या झाकणाला पोचा. कडक भाकऱ्यांचा डबा भरला होता, त्याचा चुरा झाला. आम्ही तो आमटीत घालून खाल्ला, कडक भाकरी तशीही कुस्करूनच खायची. तेलाचं लोणचं मात्र घालू नका. माझं मी हातात नेलं होतं, म्हणून चादरी वाचल्या.

आणखी एक राहिलं. तुमचं स्टेशन गाडीचं शेवटचं असेल, तर ब्रेकला टाकायला माझी ना नाही. तिथे गाडी उभीच राहते, आज ना उद्या सगळं उतरतंच. मधल्या स्टेशनावर दोन-चार मिनिटांत ढिगातून आपलीच पेटी कुणी शोधून काढेल, हा भरवसा मी धरला होता.

मनूचा परवा फोन आला. शिलाई मशीन हवंय, पायाचं. मी विचारलं, तिकडे मिळत नाहीत का? म्हणाली, मिळतात, पण आपलंच हवंय. ह्यांनी गोणपाटाची चौकशी सुरू केलीय.