केन हिलचे लॉक: बोट घेऊन चढणार असाल तर

"दोन-तीन तासांत वर पोचाल, लहान मुलंसुद्धा करतात," बोट भाड्याने देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. साफ थाप! इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये कालव्यावर फॉक्सहँगर्सपासून डिव्हायझेस गावापर्यंत 29 लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून बोट वर चढवतात, सोडून खाली उतरवतात. दोन मैलांत 237 फूट चढण. सगळं सुरळीत झालं तरी पाच-सहा तास धरा.

खालचे सात लॉक एकमेकांपासून लांब आहेत, ते होऊन जातात. जीव काढतात ते मधले 16, अख्ख्या कालव्याच्या मोजणीत क्रमांक 29 ते 44. सरळ रेषेत, एकाला एक लागून. मान वर केली की फक्त दरवाजे ढकलायचे काळे-पांढरे दांडेच दांडे. टेकडी इतकी उभी की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच नव्हती, म्हणून कालव्याचा इंजिनियर जॉन रेनी याने बाजूला आडवे तलाव काढले. आहे डोकेबाज. 1810 मध्ये हा टप्पा पुरा होऊन न्यूबरी-बाथ कालवा सलग झाला. तोवर माल इथे उतरवून घोड्यांच्या रुळगाडीने वर नेत. 1829 ते 1843 इथे गॅसचे दिवे होते, रात्रीही बोटी चढायच्या. त्या लोकांना साष्टांग नमस्कार.

आता कामाचं. दरवाज्यांची जोडी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटते आणि पाण्याचाच दाब तिला घट्ट धरून ठेवतो. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत चार जणांनी रेटलं तरी दरवाजा तसूभर हलत नाही. उगाच कंबर मोडून घेऊ नका, थांबा. चढताना पाणी आत सोडायच्या झडपा हळूहळू उघडा, नाहीतर बोट आत गटांगळ्या खाते. उतरताना भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच राहा. मागे दगडी उंबरा असतो, त्यावर बोट अडकली की उलटते.

दोघांनीच जाऊ नका. लॉक 14 फूट रुंद, नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट अरुंद बोट, सातची. खाली दुसऱ्या बोटीची वाट बघा. मेहनत आणि पाणी दोन्ही निम्मं. हे पाणी फुकट येत नाही, 1996 पासून पंप ते खालून वर चढवतो, दिवसाला सव्वातीन कोटी लिटरच्या आसपास. मधे मुक्काम करता येत नाही, आणि लॉकच्या वेळा ठरलेल्या असतात. आदल्या दिवशी बघून घ्या.

झडपा फिरवायचं हँडल पाण्यात गेलं तर किती कापणार, हे बोट ताब्यात घेतानाच लिहून घ्या. आमच्या अनामत रकमेतून बाजारभावाच्या तिप्पट गेले, वर "हे नेहमीचंच" हे ऐकून घ्यावं लागलं.

1852 मध्ये रेल्वे कंपनीने कालवा घेतला आणि मग तो मरू दिला. 1990 मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा सुरू झाला. एवढंच बघायचं असेल तर बोट कशाला? खालून काठाकाठाने चालत या, तासाभरात होतं. डिव्हायझेसला रेल्वे स्टेशन नाही. ट्रोब्रिज किंवा स्विंडनला उतरून बस पकडा.