आईचं ताट

आज आईचा डेक्सा स्कॅनचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट दाखवून आलो. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे अपेक्षितच होतं. पण डॉक्टर बराच वेळ तिच्या जेवणाबद्दलच विचारत राहिले. सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री मऊ भात. यात प्रथिनं फारच कमी. आपल्याकडे कितीतरी आया आयुष्यभर असंच जेवतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

हाडाच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो, मुख्यतः कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा. त्या जाळीत कॅल्शियम बसतं. शिवाय प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो. आणि खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो.

वयस्कर माणसाला किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे महत्त्वाचं.) आई ५५ किलोची, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून त्यातले जेमतेम चार-पाच मिळतात! ती अंडं खात नाही. म्हणून उद्यापासून घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, थोडं पनीर, आणि कणकेत सोयाबीनचं पीठ. एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दाण्याची आमटी.

तिला चावायला त्रास होतो. मऊ, प्रथिनयुक्त असं काही तुमच्या घरी करत असाल तर नक्की सांगा.