‘आगामी’च्या यादीत दोन वर्षे : ठाण्याच्या किल्ल्यावरील पुस्तकाचा माझा अनुभव

कळव्याच्या पुलावरून ठाण्यात येताना मध्यवर्ती कारागृहाचा तट दिसतो. हाच ठाण्याचा किल्ला, हे रोज त्याच्या बाजूने जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या किल्ल्याविषयी मिळेल ते वाचून टिपून ठेवू लागले आणि चार वर्षांत अडीचशे पानांचे हस्तलिखित तयार झाले. उत्तर कोकणाच्या इतिहासाचीच पुस्तके काढणारी, दोन खोल्यांत चालणारी एक प्रकाशनसंस्था ठाण्यात आहे. दर दिवाळीला तिचे एक घडीपत्रक निघते. त्याच्या एका बाजूला उपलब्ध पुस्तकांची यादी असते आणि दुसऱ्या बाजूला आगामी पुस्तकांची. हस्तलिखित स्वीकारल्याचे कळल्यानंतर माझ्या पुस्तकाचे नाव आगामींमध्ये आले, तेव्हा संक्रांतीपर्यंत पुस्तक हातात पडेल अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात ते नाव पुढच्या दिवाळीच्या पत्रकातही तिथेच होते. मधल्या काळात काय घडले, ते स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

तीन महिन्यांनी हस्तलिखित परत आले, ते समासात पेन्सिलीने भरलेले. बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न होता : ‘ताई, हे कोणी पाहिले आणि कधी लिहिले?’ किल्ल्यातून खाडीखालून जाणाऱ्या भुयाराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि तिला मी अडीच पाने दिली होती. या प्रश्नापुढे तिचे एकही वाक्य टिकले नाही. ती पाने काढताना मला वाईट वाटले, हे मान्य करते.

पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्या सुटकेचे प्रकरण मात्र काढायचे नव्हते, नीट लिहायचे होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्र्यंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात कैद केले आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते तेथून निसटले, एवढे निश्चित आहे. खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा मोतद्दार मराठी गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून पळण्याचा बेत त्यांच्यापर्यंत पोचला, हा भाग मी डोळ्यांनी पाहिल्यासारखा लिहिला होता. तो ज्यांच्या लेखनातून पुढे आला ते इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर १८२५ मध्ये मुंबईत आले, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी, आणि त्यांचा प्रवासवृत्तान्त छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये. संपादकांनी मला गाणी वगळायला सांगितले नाही. ही हेबर यांनी ऐकून लिहिलेली हकीकत आहे, एवढे एक वाक्य आधी घालायला सांगितले. त्या एका वाक्याने प्रकरण अधिक विश्वासाचे झाले असे मला मनापासून वाटते.

सर्वांत जास्त वेळ तारखांनी घेतला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे आला. त्या वेळी पोर्तुगिजांचे किल्ल्याचे बांधकाम अपुरेच होते. या घटनाक्रमाच्या तक्त्यात मी मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी साधनांतल्या तारखा एकाखाली एक मांडल्या होत्या. पोर्तुगिजांनी नवी (ग्रेगोरियन) दिनगणना १५८२ मध्येच स्वीकारली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेने चालत होते आणि अठराव्या शतकात या दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. त्यातच इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १७३७ म्हणतो तो त्यांच्या कागदात १७३६ चा असतो. मराठी कागदांवर अरबी अंकशब्दांत लिहिलेला शुहूर सन असतो आणि तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो. ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३७, आणि तो १७३६ च्या मृगापासून १७३७ च्या मृगापर्यंत चालतो. माझ्या तक्त्यात यामुळे उत्तर आधी आणि ज्याला उत्तर दिले ते पत्र नंतर, असा प्रकार झाला होता. जंत्री घेऊन एकेक तारीख पुन्हा बसवायला मला पूर्ण पावसाळा लागला. शेवटी प्रत्येक तारखेपुढे मूळ कागदातली नोंद आणि तिचे आजचे रूप अशी दोन्ही द्यायची ठरली.

मोडी पत्रांचे लिप्यंतर मी स्वतः केले होते, ते एका जाणकारांनी पुन्हा वाचले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे आडनावांच्या बाबतीत त्यांच्या दुरुस्त्या फार महत्त्वाच्या ठरल्या.

चित्रांचा प्रश्न सोपा गेला. कारागृहाच्या आतले छायाचित्र घेण्याचा प्रश्नच नव्हता. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमधला मजकूर आणि नकाशे वापरायला मोकळे आहेत. छायाचित्रांवरचा हक्क मात्र छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून अलीकडच्या पुस्तकांतून घेतलेली तीन छायाचित्रे मी गाळली.

अक्षरजुळणीने मात्र घाम काढला. मी सारा मजकूर जुन्या टंकात टाइप केला होता. तो युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ सगळीकडे ‘र्य’ झाला, ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ झाले आणि एका पानावर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला! शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला ‘दर्या’ हा शब्द बरोबरच वाटतो; तो चुकला आहे हे माणसालाच वाचून कळते. मुद्रिते चार वेळा तपासली, त्यांपैकी एकदा मोठ्याने वाचून. नव्याने टाइप करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडच वापरावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तक शेवटी १७६ पानांचे झाले, म्हणजे १६ पानांचे नेमके अकरा फर्मे. सूची धरून ते १८० वर जात होते आणि चार पानांसाठी आणखी अर्धा फर्मा घ्यावा लागला असता. खर्च वाचवायला सूची कमी करावी असे मी सुचवले, तेव्हा प्रकाशिकाबाई म्हणाल्या, “ताई, सूची नसेल तर अभ्यासकाला तुमचे पुस्तक उघडताच येणार नाही. प्रस्तावना आवरती घ्या.” मी प्रस्तावना आवरती घेतली.

पुस्तकाची ओळख ठरवणारा आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो प्रकाशकांनी काढला. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करणाऱ्यांच्या पैशातून कागदाचा खर्च निघाला. छपाईनंतर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत एकेक प्रत पाठवायची असते. ती पाकिटे मी स्वतः बांधली. १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जिथे माझे बहुतेक वाचन झाले, तिथे एक प्रत हातानेच नेऊन दिली.

यंदाच्या दिवाळीच्या पत्रकात माझे पुस्तक ‘उपलब्ध’च्या बाजूला आले आहे. आगामींमध्ये आता उत्तर कोकणातल्या गधेगाळांवरचे, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिलालेखांवरचे, पुस्तक आहे आणि त्याची पहिली मुद्रिते तपासायला माझ्याकडे आली आहेत. शिलालेखांतल्या शक वर्षांचे इसवी सन तपासून पाहायचे काम मी आधी हाती घेतले आहे.