आईसाठी एक सुई

मे 2021 ची गोष्ट. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट, जालन्याकडं. लोकांना लसीकरण म्हणलं की सुई टोचणारी सिस्टर दिसते, सकाळी सहाला येऊन आइसपॅक मांडत बसणारा माणूस कुणाला दिसत नाही. पॅक डीप फ्रीजरमधून काढून तसाच कॅरिअरमधे, म्हणजे लस न्यायच्या थंड पेटीत, कोंबला की लस गोठते आणि गोठलेली कोविशिल्ड, पुण्यात बनणारी कोरोनाची लस, फेकायचीच. म्हणून पॅक टेबलावर ठेवायचे, घाम सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचं, आत पाणी डुबुक वाजलं की मगच चार बाजूंनी चार लावायचे. वरच्या साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना फक्त संध्याकाळचा आकडा पाहिजे असायचा.

त्या दिवशी 10 व्हायल आल्या होत्या, म्हणजे 100 डोस, आणि गेटवर चारएकशे माणूस. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्याच.

त्यात बहादूर आला. मोंढ्यात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा. सगळे बहादूरच म्हणायचे, खरं नाव काय ते वीस वर्षांत मी पण विचारलं नव्हतं. मला वाटलं लस घ्यायला आला, तर म्हणे, "साहेब, मला नको. आईसाठी एक सुई बांधून द्या. गावी चाललो."

गाव म्हणजे नेपाळातलं बझांग. सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून बसनं बनबसा, पूल ओलांडून पलीकडं, मग पुन्हा बस आणि शेवटी पायी डोंगर. मोबाइलवर भावाचा मेसेज दाखवला, अक्षरं आपलीच, फक्त "कोभिशिल्ड" असं लिहिलेलं. आईला मार्चमधे पहिला डोस मिळाला होता, 65 च्या वरच्यांना तिकडं तेव्हाच सुरू झालं होतं. दुसऱ्याचा पत्ता नाही, कारण लस जायची ती पुण्याहून आणि आपल्याकडं दुसरी लाट उसळल्यावर ती बाहेर पाठवणं थांबवलं. 13 लाखांवर म्हातारी माणसं तिकडं एकाच डोसवर लटकली होती. भूताननं तर 27 मार्चपासून दोन-अडीच आठवड्यांतच बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना पहिला डोस देऊन टाकला, तोही पुण्याचाच, अन् दुसऱ्यासाठी जुलैत अमेरिकेची मॉडर्ना आली तेव्हा त्यांचं भागलं.

मी त्याला समजावलं, एका व्हायलीत दहा डोस असतात, फोडली की चार तासांत संपवायची, नाही फोडली तरी 2 ते 8 डिग्रीतच राहायला पाहिजे, तुझ्या पिशवीत दिल्लीपर्यंत सुद्धा टिकायची नाही. तो मान हलवत राहिला. मग म्हणला, "बरफ टाकून नेतो की." आता याला गोठण्याचं काय सांगू? मागं लाइन ओरडू लागली होती, मी "पुढचा" म्हणलो.

रात्री स्टॉक रजिस्टर भरताना सहज मागची पानं उलटली. मार्चमधे लोक यायचेच नाहीत, ताप येतो, माणूस मरतो असल्या अफवा, आशाताई घरोघर हात जोडत फिरायच्या. दहाची व्हायल फोडायची, सहा माणसं यायची आणि चार तास झाले की उरलेली वाया. "वाया" च्या रकान्यात सगळं माझंच अक्षर, 4, 3, 5, 4. बहादूरची आई त्याच महिन्यात लाइनीत उभी होती. आमचे चार डोस काही नेपाळला जाणार नव्हते हे मला कळतं, तरी पण ते आकडे डोक्यातून जात नाहीत. आणि खरं सांगायचं तर एप्रिलात "आपल्या माणसांना नाही आणि शेजाऱ्यांना वाटत सुटलेत" हा व्हॉट्सॅपवरचा मेसेज मी पण पुढं ढकलला होता, फॅमिली ग्रुपवर, दोनदा.

बहादूर दिवाळीनंतर परत आला. आई ठीक होती. जपाननं 16 लाख डोस दिले, ॲस्ट्राझेनेकाचेच, म्हणजे कोविशिल्डचीच लस, ऑगस्टमधे, त्यातला एक तिला मिळाला. त्याचा स्वतःचा डोस घ्यायला खुर्चीवर बसला आणि विचारू लागला, "साहेब, जपानची आणि पुण्याची लस एकच का?"

"एकच."

"मग पुणं जवळ होतं की," म्हणला आणि बाही वर सारली.