टाकीत नायट्रेट येत कुठून होतं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले झोआ, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव, मिटले. टाकीचा दिवा लागला की फुलणारे ते त्यांचे हिरवे-केशरी पॉलिप (एकेक फुलासारखा जीव) दिवसभर आवळून बसायचे, आणि दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ चढत होतं.

टाकी फेब्रुवारीत मांडलेली. तीन फुटी, दगड वगळता पाणी साधारण १५० लिटर. दगड कोरडे, कृत्रिम घेतले, कारण आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत सहा आठवडे थांबलो. मग नागपूरहून क्लाऊनफिशची जोडी, चार गोगलगायी आणि झोआ आणले.

पहिला संशय उन्हावर गेला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा एप्रिल, दुपारी टाकीचं पाणी ३१ अंशांवर जायचं. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा बसवला, तर ते २७-२८ वर आलं. पण रोज साडेतीन लिटर पाणी उडायला लागलं. मीठ उडत नाही, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागायचं. क्षारता (पाण्यातलं मीठ) हजारी ३५ वर राहिली, तरी झोआ उघडेनात.

मग नायट्रेट तपासलं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून शेवटी तेच पाण्यात साठतं आणि शेवाळाला खत होतं. ते निघालं लिटरला ५० मिलिग्रॅम. मग दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदललं. माशांचं खाणं निम्मं केलं, गाळणीचा स्पंज रोज धुतला. तीन आठवड्यांनी आकडा ४० च्या खाली यायला तयार नव्हता. या दिवसांत मी फार खचलो. समोर जिवंत जीव मिटत चालले होते आणि माझ्याकडून काही चुकतंय, एवढंच कळत होतं.

एक दिवस आई म्हणाली, "काऊन रे, पानी तं तू बदलून रायला, मंग घान येते कोठून?"

टाकीतलं पाणी मी शंभर वेळा तपासलं असेल. टाकीत ओततो ते एकदाही नाही. गावातल्या आरओ केंद्रावरून कॅन आणायचो. त्याची चाचणी केली, तर नायट्रेट २०. मग आमच्या बोअरचं घेतलं. चाचणीच्या नळीतला रंग रंगपट्टीवरच्या सगळ्यात गडद खुणेपर्यंत गेला. चारी बाजूंनी कपाशी, सोयाबीन, संत्र्याच्या बागा. युरियापासून जमिनीत तयार होणारं नायट्रेट पावसाबरोबर झिरपून भूजलात उतरतं. पिण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे कॅनचं पाणी माणसांना ठीकच. पण साडेतीन लिटरमागे ७० मिलिग्रॅम रोज टाकीत जात होतं आणि उडणाऱ्या पाण्यासोबत त्यातलं काहीच बाहेर पडत नव्हतं. महिन्याला तेवढ्यानंच टाकीतला आकडा १४ नं वाढतो. शिवाय बदललेलं पाणी मुळात २० घेऊन येणारं. त्यानं आकडा २० च्या खाली जाणार कसा?

पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर कॅनचं पाणी ४८ दाखवायचं, म्हणून मी निर्धास्त होतो. मीटर फक्त विजेचं वहन मोजतं, नायट्रेट किती हे वेगळं सांगत नाही. विरघळलेली सिलिका तर त्यात जवळपास दिसतच नाही, आणि मार्चमध्ये काचेवर आलेला तपकिरी थर तिच्यावरच पोसला असावा.

घरच्या आरओतून निघणाऱ्या पाण्याला डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या) दोन नळ्या जोडल्या. टीडीएस ०, नायट्रेटच्या नळीत रंगच नाही. एका बादलीमागे तीन बादल्या पाणी बाहेर जातं. मे महिन्यात ते सांडून देणं मला पटेना, म्हणून ते भांडी आणि अंगणासाठी भरून ठेवतो.

सगळं पाणी एकदम बदललं असतं तर त्या धक्क्यानं झोआ जाऊ शकले असते. दर चार दिवसांनी ३० लिटर, नवीन पाण्याचं तापमान आणि क्षारता जुळवून, असं महिनाभर केलं. मध्येच दुपारी दोन-दोन तास लाईन जायची. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून बॅटरीचा एअर पंप घेतला. तो नसता तर मासे वाचले नसते असं मला वाटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नायट्रेट पट्टीवरच्या १० च्या रंगाशी जुळलं. त्याच संध्याकाळी झोआची एक किनार उघडली, चार दिवसांनी बाकीचे. एक गोगलगाय मात्र गेली. मागच्या दगडावर शेवाळाचा पट्टा अजून आहे. झोआमध्ये विष असू शकतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून दर रविवारी तो उपटतो. नव्या पाण्याची कॅन टाकीत ओतण्याआधी त्याची नळीभर चाचणी होते.