वाघातला वा

"काकू, वाघमारे नावाने काहीच दिसत नाहीये." नौपाड्यातल्या एका लॅबच्या काउंटरवर आज ती मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. आई म्हणाली, "अगं बाळा, वाघातला वा!" शेवटी मोबाइल नंबरवरून रिपोर्ट मिळाला. आधारवर डब्ल्यू आणि त्यांच्याकडे व्ही, बस एवढंच, पण दुखरे गुडघे घेऊन आई पाऊण तास उभी होती.

डोक्यातून जाईना. रिक्षात बोटांवरच मांडत बसले. साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं जुळवायची पद्धत (१९१८ चं अमेरिकन पेटंट), पहिलं अक्षर आहे तसं ठेवतं, स्वर गाळतं आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करतं, म्हणजे आई एकदा डब्ल्यू २५६ आणि एकदा व्ही २५६. आकडे तेच, तरी जुळणार नाही! लेव्हेन्श्टाइन (दुसरी पद्धत, १९६५) एका स्पेलिंगचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात ते मोजतं, त्याच्या हिशोबाने फरक फक्त १.

मग तेच चांगलं म्हणावं तर दीक्षित आठवले. एक्सवाले आणि केएसएचवाले, साउंडेक्समध्ये दोघंही डी २३०, लेव्हेन्श्टाइनमध्ये मात्र अंतर ३. आणि पाटील-पटेल? दोन्हीकडे जवळजवळ एकच माणूस! रिपोर्टच्या बाबतीत हे तर जास्त भीतीदायक.

आई सहज म्हणाली, "मराठीत लिहिलं असतं तर एकच झालं असतं ना गं?"

खरंच की. व्ही आणि डब्ल्यू आपल्याकडे एकच 'व' आहे, एवढा एक नियम सर्चमध्ये घालायला काय हरकत आहे?

तुमच्या आडनावाची किती स्पेलिंगं फिरतायत?